फॉरमॅट मारण्याआधी नोटिफिकेशन्स बघा

कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात सारखं 'व्हायरस सापडला' येतंय, काय करू, असं एकाने विचारलंय आणि त्याला थेट फॉरमॅट मारायचा (म्हणजे सगळं पुसून नव्याने सुरुवात करायचा) सल्ला मिळालाय. जरा थांबा! बहुतेक वेळा तो व्हायरस नसतोच. कुठल्यातरी साइटवर 'तुम्ही रोबो नसाल तर अलाऊ दाबा' असं आलेलं असतं आणि घरातल्या कुणीतरी ते इमानदारीत दाबलेलं असतं. त्यामुळे त्या साइटला नोटिफिकेशन्स पाठवायची परवानगी मिळते आणि ती असे खोटे इशारे दाखवत राहते.

क्रोममध्ये वरचे तीन टिंब, मग सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. खाली परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. जीमेल वगैरे ओळखीचं ठेवा, चित्रविचित्र नावं असतील ती ब्लॉक करा. नुसतं रिमूव्ह केलं तर तीच साइट पुन्हा विचारू शकते. साइट्सना विचारूच द्यायचं नाही, असाही पर्याय तिथेच आहे. आईबाबांच्या कॉम्प्युटरवर मी तो डोळे झाकून लावतो.

तरीही थांबलं नाही तर एक्स्टेन्शन्स (क्रोमला जोडलेले छोटे जादा प्रोग्रॅम) तपासा. आणि 'व्हायरस सापडला' म्हणणाऱ्या त्या खिडकीत फोन नंबर असेल तर चुकूनही लावू नका. समोरचा गोड बोलून स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला लावतो आणि मग बँकेचं खातं उघडायला सांगतो. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा.