मदत हवी आहे: झेंडूत रंगवलेली एक लडी पिवळीधमक, दुसरी शेवाळी, शिवाय जाळीचे टाके घटताहेत

नमस्कार. थोडं लांब लिहितेय, पण नेमकं कुठं चुकलं ते कळायला सगळं सांगावंच लागेल.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात राहते, माहेर निपाणी. आईसाठी जाळीदार शाल विणायची आहे, आणि लोकर घरीच रंगवायची असं ठरवलंय. आईनं तीस वर्षं विड्या वळल्या. त्याच हातांनी ती दुपारी दोन सुया घेऊन बसायची. सुलट-उलट मला तिनंच शिकवलं. आता तिची पेरं आखडलीत, सुई धरवत नाही. पहाटेचं गार वारं सुटलं की जुना टॉवेल खांद्यावर घेऊन चुलीपाशी बसते. दिवाळीला जाईन तेव्हा तिच्या खांद्यावर माझ्या हातची शाल असावी, एवढीच इच्छा आहे.

लोकर पांढरी मेरिनो, अगदी बारीक. ५० ग्रॅमच्या तीन लड्या मागवल्या, एका लडीत साधारण ४०० मीटर धागा. आमच्याकडं कुरुबरांच्या मेंढ्या शेतात बसायला येतात, म्हणून आधी त्यांचीच लोकर मनात होती. पण दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि राठ, रंगानं बहुतेक काळी. घोंगड्याला तिच्यासारखी दुसरी नाही, पण आईच्या मानेला टोचली असती आणि पिवळा रंगही तिच्यावर दिसला नसता.

खंडेनवमीला दाराला, ट्रॅक्टरला, विळ्या-कोयत्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या उतरवल्या, देठ काढून पाकळ्या पडवीत वाळवल्या. शेजारच्या अज्जींनीही त्यांच्या 'चेंडू हू'च्या, म्हणजे झेंडूच्याच, माळा आणून दिल्या. चांगली दोन सुपं भरली.

पहिली लडी दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी रंगवली. परतीचा पाऊस झोडपत होता, वीज नव्हती, मोटर बंद. पागोळीखालच्या पिंपातलं पाणी घेतलं आणि पडवीतल्या चुलीवरच सगळं केलं. रंग पक्का बसावा म्हणून ६ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवली, भिजवलेली लडी त्यात तासभर हळूहळू तापवली आणि तशीच रात्रभर ठेवली. दुसऱ्या दिवशी ५० ग्रॅम वाळल्या पाकळ्या पाऊण तास उकळल्या, गाळून घेतल्या, रंग कोमट झाल्यावर लडी सोडली, परत हळूहळू तापवलं. उकळी येऊ दिली नाही. निथळून दोरीवर टाकली तेव्हा अज्जी बघतच राहिल्या, इतका लख्ख पिवळा रंग आला.

दुसरी लडी सहा दिवसांनी. पाऊस गेला होता, ऊन कडक, वीज होती, बोअरचं पाणी भरपूर. पहिल्या लडीसोबतच वाळवलेल्या पाकळ्या, तीच तुरटीची पुडी, तेच स्टीलचं पातेलं, वजनं तीच. फक्त सुगी तोंडावर आल्यामुळं घाई होती. लडी अर्ध्या तासाऐवजी पाच-सात मिनिटंच भिजवली, आणि गुंता नको म्हणून चार ठिकाणी दोऱ्यानं आवळून बांधली. निघाली तेव्हा शेवाळी! पिवळ्याचा मागमूस नाही. शिवाय बांधलेल्या जागी फिकट पट्टे आणि मध्येमध्ये डाग. तिसरी लडी अजून पांढरीच आहे, तिला हात लावायची भीती वाटतेय.

दुसरी अडचण विणकामाची. पानांची नक्षी घेतलीय. बारा टाक्यांचा एक नमुना, असे सहा, म्हणजे ७२, त्यात शेवटचा १ आणि दोन्ही कडांचे ३-३ धरून ७९ टाके. ९ नंबरच्या सुया. पानाच्या टोकाला तीन टाके एकत्र विणायचे आहेत. पहिलं पान संपलं तेव्हा सुईवर ७७ भरले. उसवून परत केलं, परत ७७. मधली पानं अगदी बरोबर दिसतात.

लडी का बिघडली, ती सुधारता येईल का, आणि टाके कुठं जाताहेत, हे कुणी सांगेल का?

प्रतिसाद, चिकोडीहून

ताई, चुलीची राख पडली असेल पातेल्यात. राखेनं पाणी खारट-अल्कली होतं आणि फुलांचा रंग बदलतो. हळदीला चुना लागला की लाल होते ना, तसं. झाकण ठेवून करून बघा.

फिकट पट्टे मात्र बांधण्यामुळंच. दोरा इतका सैल हवा की आत बोट फिरलं पाहिजे. आणि लोकर कोरडी राहिली की रंग वरवर बसतो, आत जात नाही. तिला पाणी प्यायला वेळ लागतो, निदान अर्धा तास, तासभर ठेवली तर उत्तम.

प्रतिसाद, बेळगाव, वडगावहून

आमच्या घरी मागावर साड्या होत्या, त्यामुळं धाग्याचा रंग बिघडला की घरात काय अवस्था होते ते लहानपणापासून पाहिलंय. म्हणून सविस्तर लिहितोय.

राखेचा अंदाज मला पटत नाही. अल्कलीनं झेंडूचा पिवळा गडद होतो, नारिंगीकडं झुकतो. शेवाळी होत नाही. झेंडूचा पिवळा शेवाळी करणारी वस्तू म्हणजे लोखंड. तुम्ही वजनं, पाकळ्या, तुरटी, पातेलं सगळं तेच ठेवलंत, पण एक गोष्ट बदलली आणि ती तुम्हीच लिहिलीय. पहिली लडी पावसाच्या पाण्यात, दुसरी बोअरच्या.

खानापूर भागात जांभ्याची माती आहे, लाल रंग तिला लोखंडामुळंच येतो. अशा जमिनीतल्या बऱ्याच बोअरच्या पाण्यात लोह उतरतं. पाणी उपसल्यावर स्वच्छ दिसतं, हवा लागली की काही तासांनी तळाला तांबूस साका बसतो. दोन गोष्टी सांगा. बादलीत रात्रभर ठेवलेल्या पाण्याखाली असा साका दिसतो का? आणि घरी चहा काळपट होतो का?

परीक्षा सोपी आहे. काचेच्या दोन पेल्यांत पाणी घ्या, एकात बोअरचं, एकात पिंपात शिल्लक असेल तर पावसाचं. दोन्हींत चिमूटभर हिरड्याची पूड टाका आणि दहा मिनिटं थांबा. हिरड्यातल्या तुरट अंशाची लोहाशी गाठ पडली की पाणी शाईसारखं काळं-निळं होतं. लोह नसेल तर पिवळट तपकिरी राहतं. पूर्वी शाई याच मेळानं करायचे, आणि कलमकारीतला काळा रंगसुद्धा लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यात आंबवूनच होतो. ज्यांना शेवाळी रंग मुद्दाम हवा असतो ते हिराकस (लोहाचा क्षार) घालतात, लोकरीच्या वजनाच्या एक-दोन टक्के, त्याहून जास्त नाही. लोह वाढलं की लोकर राठ होते आणि काही वर्षांनी ठिसूळ पडते. तुमच्या पाण्यातून एवढं गेलं नसणार, लडी फुकट गेली असं समजू नका.

शेवाळी परत पिवळी करायच्या मागं मात्र लागू नका. लोह धाग्यात बसलंय, ते काढायला जे लागतं ते घरच्या पडवीत हाताळण्यासारखं नाही.

धागाकर्ती

दादा, वाचून अंगावर काटा आला. चहा काळाच होतो आमच्याकडं! लग्न होऊन आल्यापासून मी समजत होते की इकडची चहाची पूडच तशी. साकाही बसतो, बादलीला आतून तांबडी कड पडलीय.

हिरडा घरात होता. पिंपाच्या तळाशी तांब्याभर पावसाचं पाणी होतं तेही घेतलं. बोअरच्या पेल्यात पाच मिनिटांतच दौतीसारखं काळं झालं, पावसाचं मातकट पिवळं राहिलं. मग अज्जींच्या परसातल्या जुन्या आडाचं पाणी घेऊन तिसरा पेला केला. तो पावसाच्या पेल्यासारखाच राहिला!

आता आडाच्या पाण्यात तिसरी लडी रंगवली तर पहिलीसारखाच पिवळा येईल ना? पाकळ्या शंभर-सव्वाशे ग्रॅम शिल्लक आहेत.

प्रतिसाद, बेळगाव, वडगावहून

येईल, पण अगदी तोच येईल असं धरून चालू नका. दोन वेगळ्या दिवशी रंगवलेला धागा शेजारी ठेवला की फरक दिसतोच. मागावरसुद्धा एकाच घाण्यातला, म्हणजे एकदम रंगवलेला, धागा एका साडीला ठेवतात. आधी तीनेक हात धागा तोडून तुरटी लावा, छोट्या भांड्यात आडाच्या पाण्यात रंगवून बघा. तुरटी भिजवतानाही आडाचंच पाणी हवं आणि धुतानाही. नाहीतर रंगवलं आडात, खळबळलं बोअरच्या पाण्यात, आणि परत तेच. तुरटी वाढवू नका, जास्त झाली की लोकर चिकट लागते.

गरमातून एकदम गारात टाकू नका आणि चोळू नका. त्यानं मेरिनो आटून घट्ट होते, मग जाळी विसराच. रंगाच्या पाण्यातच पूर्ण गार होऊ द्या.

प्रतिसाद, धारवाडहून

मी विणकामाचं सांगते. तुमच्या ७९ चे ७७ का होतात ते तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे: मधली पानं बरोबर दिसतात. म्हणजे टाके कडांना जाताहेत.

जाळीच्या विणकामात एकच हिशोब असतो. प्रत्येक जाळीला, म्हणजे सुईवर धागा घेऊन केलेल्या भोकाला, एक टाका वाढतो, आणि तेवढाच कुठंतरी कमी व्हावा लागतो. मधल्या पानाच्या टोकाला तीन एकत्र विणले की दोन टाके कमी होतात, पण त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक जाळी आहे, म्हणून बेरीज जुळते. कडेला तुमचं पान अर्धंच आहे. तिथं जाळी एकच, त्यामुळं कमीही एकच टाका करायचा. तुम्ही तिथंही तीन एकत्र विणत असाल, म्हणून दोन्ही कडांना एकेक टाका जातो. उजव्या कडेला एक टाका न विणता उचला, पुढचा सुलट विणा आणि उचललेला त्याच्यावरून टाका. डाव्या कडेला दोन सुलट एकत्र. दोन्ही अर्धी पानं आपापल्या बाजूला झुकलेली दिसतील.

दर बारा टाक्यांनंतर सुईवर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचं कडं अडकवा. नमुन्यात चूक झाली तर त्या बारांतच सापडेल, ७९ मोजावे लागणार नाहीत. आणि प्रत्येक पान पूर्ण झालं की उलट ओळीवर शिवणाच्या मोठ्या सुईनं एक बारीक गुळगुळीत सुती दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. पुढं बिघडलं तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवायचं. बारीक मेरिनो वारंवार उसवली की केस निघतात, मग पानं धूसर दिसायला लागतात.

सुईवर असताना जाळी चुरगळलेलीच दिसेल, घाबरू नका. पूर्ण झाल्यावर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पंचात गुंडाळून दाबा, पिळू नका. गादीवर ताणून कडेनं टाचण्या लावा आणि वाळेपर्यंत हलवू नका. तेव्हा पानं उघडतात. पाणी अर्थातच आडाचं! टाके बंद करताना हात अगदी सैल ठेवा, घट्ट झाले तर ताणताना कड ओढली जाईल.

आणि मोकळेपणानं सांगते, राहिलेल्या दिवसांत सुगी सांभाळून ८०० मीटर विणणं होणार नाही. आईसाठी करताय, तर ओढाताण करू नका.

धागाकर्ती

अक्का, उजव्या कडेला खरंच तीन एकत्र होते, डाव्यालाही. आता पहिलं पान संपलं, ७९ भरले!

आडाच्या पाण्यातली चाचणी आज सकाळी वाळली. पहिल्या लडीपेक्षा किंचित गडद आहे, पण पिवळीच. रविवारी तिसरी लडी सैल बांधून, तासभर भिजवून करणार आहे. दोन पिवळ्यांतला फरक दिसू नये म्हणून दोन ओळी एकीच्या, दोन दुसरीच्या असं विणलं तर चालेल का? आणि त्या शेवाळी लडीचं काय करू?

प्रतिसाद, धारवाडहून

दोन-दोन ओळी हाच उपाय. धागा कडेनं वर नेताना ओढू नका, सैल ठेवा. आता विणलेलं पान तसंच राहू दे, दुसऱ्या पानापासून सुरू करा.

शेवाळी लडीची दोन्ही टोकांना पट्टी करा, शेवटचं एकेक पान तिचं. झेंडूच्या माळेत मध्ये आंब्याची पानं असतात, तसा मेळ दिसेल. फिकट डाग जाळीत विरून जातात, सलग सुलट विणीत मात्र दिसले असते.

धागाकर्ती

आंब्याच्या पानांचं वाचून इतकं बरं वाटलं. तसंच करते.

काल आईला फोनवर सगळं सांगितलं. शाल दिवाळीपर्यंत होणार नाही म्हटल्यावर ती म्हणाली, विणकाम तसंच सुयांवर घेऊन ये, सुई धरवत नसली तरी टाके मोजायला मला काय झालंय. तर सुया, दोन्ही पिवळ्या लड्या आणि ओवलेला दोरा तसाच पिशवीत घालून दिवाळीला निपाणीला नेणार आहे. तिथल्या पाण्याचं माहीत नाही, म्हणून हिरड्याची पुडीही सोबत घेतलीय. आडाच्या पाण्यातली लडी कशी निघते ते सोमवारी इथंच लिहीन.