मार्क चांगले असले तरी मूल्यमापन मागता येतं

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा बोलताना अडखळतो, पण शाळा म्हणते, 'घरी मराठी बोलता म्हणून तो अडखळत असेल, मार्क तर बरे आहेत, वर्षभर थांबू.' कृपया थांबू नका. अमेरिकेच्या आयडीईए कायद्यात (अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा कायदा) मूल पास होतंय एवढ्यावरून त्याला स्पेशल एज्युकेशनसाठी, म्हणजे शाळेतल्या खास मदतीसाठी, अपात्र ठरवता येत नाही. आणि घरची भाषा वेगळी असेल तर शक्य तिथे तपासणी त्या भाषेत करायची असते.

तोंडी बोलणं पुरे. आजच ईमेल करा: 'माझ्या मुलाचं स्पेशल एज्युकेशनसाठी पूर्ण मूल्यमापन व्हावं अशी माझी लेखी विनंती आहे.' तारीख घाला. शाळेला नकार द्यायचा असेल तर तो कारणांसह लेखी द्यावा लागतो, आणि ते लिहायची वेळ आली की बऱ्याचदा सूर बदलतो. तुम्ही संमतीवर सही केल्यापासून 60 दिवसांत मूल्यमापन व्हायला हवं. काही राज्यांची मुदत वेगळी आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, आजीशी व्हिडिओ कॉलवर तो मराठीतही गोष्टीचा क्रम चुकवतो, 'ते… ते' करत राहतो, हे ईमेलमध्ये नक्की लिहा. भाषेची खरी अडचण दोन्ही भाषांत दिसते. फक्त इंग्रजी कच्चं असेल तर मराठी सुरळीत चालते. म्हणून मराठी बंद करा असं कुणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका.

निष्कर्ष पटला नाही तर शाळेच्या खर्चाने स्वतंत्र मूल्यमापन मागता येतं. आयईपीच्या (मुलासाठी शाळेने आखलेल्या वैयक्तिक शिक्षण योजनेच्या) बैठकीत दुभाषी मागायलाही संकोच नको, आजोबांना बसवायचं असेल तर त्यांनाही न्या.