नाल्याकाठी पालक नको, जळणाचं पीक घ्या: पटतंय का?

खाडीकाठ
नवी मुंबईत रबाळ्याला कारखान्यांच्या मागून नाला वाहतो, त्याच्या काठाला पालक-माठाचे वाफे आहेत. काल सकाळी सहा वाजता पाहिलं, नाल्यात पाइप सोडून पंपाने भाजीला पाणी चालू होतं. पाण्यावर तांबूस तवंग. पालक कॅडमियम हा विषारी धातू सहज पानात ओढतो. माझं म्हणणं एवढंच, की अशा जमिनीत खायचं काही पिकवू नये, जळणाचं पीक घ्यावं. युरोपात यासाठी विलोची झाडं लावून पाहिली आहेत. ती कॅडमियम आणि जस्त ओढतात, दर तीनेक वर्षांनी छाटायची आणि भट्टीत घालायची, म्हणजे माती साफ होईल. आपल्याकडे हत्ती गवत आहे, एरंड आहे. एवढी माती खणून घातक कचऱ्याच्या जागेवर न्यायचा खर्च कोण करणार?

बॉयलरवाला
बावीस वर्षं बॉयलरवर काढली आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. धातू जळून नाहीसा होत नाही. कॅडमियम, शिसं भट्टीत वाफ होऊन वर जातं आणि धूर निवला की बारीक राखेवर बसतं. धूर गाळणारा कापडी बॅग फिल्टर फाटका असला तर सरळ आपल्या छातीत. उरलेली राख गोण्या भरून वीटभट्टीला गेली, तर तिथे कोण तपासणार?

हिशोबही करा. एक एकर, वीतभर खोल, म्हणजे साधारण १००० टन माती. किलोमागे ५ मिलिग्रॅम कॅडमियम धरलं तर एकरात ५ किलो. वर्षाला १० टन वाळलेलं पीक निघालं आणि त्यात किलोमागे १० मिलिग्रॅम उतरलं, तर बाहेर पडलं १०० ग्रॅम. ५ वरून ३ वर यायला २० वर्षं! शिशाचं तर नावच काढू नका, ते मातीला इतकं घट्ट चिकटतं की झाडाच्या हाती फारसं लागत नाही.

खाडीकाठ
काका, हिशोब मान्य. पण ती २० वर्षं तिथे पालकच निघत राहिला, तर ते कॅडमियम कुणाच्या पोटात जाईल? माती साफ होईल हे मी घाईने लिहिलं, ते मागे घेतो. आधी ती जागच्या जागी धरून ठेवू. वाळ्याची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात आणि बराचसा धातू मुळांतच राहतो. काठावर वाळा असला तर पावसाळ्यात तो गाळ खाडीत उतरणार नाही. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, फ्लेमिंगो त्याच चिखलात चरतात.

भाजीवाल्यांची सून
दादा, तुम्ही पाहिलात तो पंप आमचाच असेल. सासूबाई महिनाभरात पालक काढतात आणि नाक्यावर बसतात. एरंड हाती यायला पाच-सहा महिने, तोवर चूल कशावर पेटवू? जागा आमच्या नावावर नाही, भाजी काढली की दुसरा कुणी कब्जा करेल. आणि हत्ती गवत लावलंत तर तबेल्याची माणसं पहाटेच कापून नेतील. मग ते दुधात नाही का उतरणार? पाणी ज्यांनी नासवलं त्यांना कुणी काही विचारत नाही, वाफे मात्र आमचे मोडायचे.

मातीपरीक्षा
ताईंचा गवताचा मुद्दा सगळ्यात खरा आहे. चारा म्हणून खपेल असं काहीही तिथे नको. एरंडाला जनावर सहसा तोंड लावत नाही, तेलातही धातू फारसा उतरत नाही. पण पेंडीत तो राहतो, आणि एरंडाची पेंड खत म्हणून विकली जाते. ती अडवली नाही तर तोच धातू दुसऱ्याच्या शेतात.

आणि अजून कुणी ही माती तपासलेलीच नाही. शेतकऱ्याला सरकारी माती तपासणीतून मिळते त्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात, त्यात कॅडमियम-शिसं नाही. प्रयोगशाळेला वेगळं सांगावं लागतं. आठ-दहा ठिकाणची माती वीतभर खोलीवरून घ्या, गंजलेलं फावडं वापरू नका.

बॉयलरवाला
तपासणीचे पैसे मी देतो. पण नाल्याचं पाणीही त्याच दिवशी भरा, नाहीतर सगळा दोष भाजीवर येईल.

भाजीवाल्यांची सून
रविवारी सकाळी या, सासूबाई असतील. पाणी मात्र रात्री भरा, खरा रंग तेव्हाच येतो.