आठ दिवसांचं ग्रँडफादर घड्याळ पाचव्या दिवशीच का थांबतं?

प्रश्न: इंग्लिश बनावटीचं, उंच लाकडी पेटीतलं, दोन वजनांचं घड्याळ; एकदा चावी दिली की आठ दिवस चालायला हवं. पाचव्या-सहाव्या दिवशी थांबतं; लंबकाला झोका दिला की पुन्हा चालतं. तेल घालू का?

उत्तर: तेलाची बाटली आधी बाजूला ठेवा. वजनं रोज थोडी खाली उतरतात; थांबतं तेव्हा ती लंबकाच्या गोळ्याच्या उंचीवर असतात का बघा. असतील, तर पेटी डुगडुगतेय. पेटी हलली की वजनंही झुलतात आणि लंबकाची ताकद खातात. पेटीची पाठ स्क्रूने भिंतीला आवळा, मधल्या फटीत लाकडी ठोकळा घाला. मग कान द्या: टिक आणि टॉक समान अंतराने पडायला हवेत. लंगडत असेल तर लंबकाला ढकलणारी तार (क्रच) किंचित वाकवा.

उत्तर: पेटी पक्की केल्यावर वेळ थोडी बदलेल. लंबक सुमारे ९९.४ सेंमी, एका झोक्याला एक सेकंद. गोळा १ मिमी खाली सरकला तर दिवसाला साधारण ४३ सेकंद मागे, म्हणून गोळ्याखालचा नट अगदी जरासाच फिरवा. तापमान १० अंशांनी वाढलं की लंबकाची पोलादी दांडी लांबते नि घड्याळ दिवसाला ५ सेकंद मागे पडतं, तो दोष समजू नका.

उत्तर: पेटी उंच आहे ती या लांब लंबकामुळेच. १६७०च्या सुमारास लंडनमध्ये अँकर एस्केपमेंट (चाकाचा एकेक दात सोडणारा नांगराच्या आकाराचा भाग) आलं, झोका अरुंद झाला नि लंबक पेटीत मावला. ‘ग्रँडफादर’ हे नाव मात्र १८७६च्या एका अमेरिकन गाण्यामुळे रुळलं!

प्रश्नकर्ता: वजनं नेमकी गोळ्यासमोरच आहेत. स्क्रू आणतो.