राष्ट्राध्यक्षाला फौजदारी खटल्यापासून कवच : हुकूमशाहीची भीती खरी की फुगवलेली?

पैलतीर

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १ जुलै २०२४ रोजी 'ट्रम्प विरुद्ध युनायटेड स्टेट्स' खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी जो निकाल दिला, त्यावर इथे मराठीत नीट चर्चा झालेली नाही. मी पेनसिल्व्हेनियात राहतो, इथला मतदार आहे आणि या निकालाने माझी झोप उडवली आहे, म्हणून हा धागा.

निकाल थोडक्यात असा. माफी देणं, वरिष्ठ अधिकाऱ्यांना काढणं, तपासाबद्दल न्याय खात्याला सूचना देणं हे अधिकार संविधानाने एकट्या राष्ट्राध्यक्षाला दिलेत. ते वापरताना त्याने काहीही केलं तरी त्याच्यावर फौजदारी खटला भरता येणार नाही, पायउतार झाल्यावरही नाही. इतर सरकारी कामांनाही कवच आहे असंच आधी धरून चालायचं आणि ते भेदायची जबाबदारी सरकारी वकिलावर. खासगी कृत्यांना कवच नाही.

चर्चा सगळी झाली ती कमांडोंच्या उदाहरणाची. राष्ट्राध्यक्षाने नौदलाच्या 'सील टीम सिक्स'ला राजकीय विरोधकाला ठार मारायला सांगितलं तर? न्या. सोटोमायर यांनी विरोधी मतात हेच उदाहरण घेतलं आणि त्यालाही कवच मिळेल असं लिहिलं. मला त्याहून जास्त भीती वाटते ती निकालातल्या दोन साध्या नियमांची. एक, कृत्य सरकारी की खासगी हे ठरवताना कोर्टाने राष्ट्राध्यक्षाच्या हेतूत शिरायचं नाही. दोन, कवच असलेलं कृत्य दुसऱ्या गुन्ह्याचा पुरावा म्हणूनही ज्युरीपुढे आणायचं नाही. या दुसऱ्या मुद्द्यावर ट्रम्प यांनीच नेमलेल्या न्या. बॅरेट यांनीही बहुमताची साथ सोडली.

याचा प्रत्यक्ष परिणाम बघा. आरोपपत्रानुसार, २०२० ची निवडणूक हरल्यावर ट्रम्प यांनी न्याय खात्यावर दबाव आणला की मतदानात घोळ सापडल्याचं राज्यांना कळवा. हंगामी ॲटर्नी जनरल रोझेन ऐकेनात, तेव्हा त्यांच्या जागी खात्यातलेच दुसरे अधिकारी क्लार्क यांना बसवायची धमकी दिली. हा सगळा भाग निकालाने बाद झाला. त्यात तथ्य किती हे ज्युरीने कधी ऐकलंच नाही. खटला ४ मार्च २०२४ ला सुरू व्हायचा होता. अपिलात महिने गेले, निवडणूक झाली आणि २५ नोव्हेंबरला तो संपला.

१४ जून २०२५ ला फिलाडेल्फियाच्या ट्रम्पविरोधी 'नो किंग्ज' मोर्चात मी होतो. वॉशिंग्टनमध्ये त्याच दिवशी लष्कराचं संचलन होतं आणि ट्रम्प यांचा वाढदिवसही. माझ्या पुढे व्हीलचेअरवर एक म्हातारे गृहस्थ होते, डोक्यावर जुनी लष्करी टोपी. हातातल्या पुठ्ठ्यावर घोषणा नव्हती, मार्करने फक्त 'कलम १, विभाग ३' लिहिलं होतं. महाभियोगात पद गेलेल्या माणसावर नंतर रीतसर खटला आणि शिक्षा होऊ शकते, हे अमेरिकी संविधानात तिथे लिहिलेलं आहे. लोक थांबून त्यांना विचारत होते आणि ते प्रत्येकाला न कंटाळता समजावत होते. ही चीड कुठल्या एका पक्षाची आहे असं मला तरी वाटलं नाही.

टेक्सासकर

पैलतीर, तुमची कळकळ समजते, पण निष्कर्षाशी पूर्ण असहमत.

३० सप्टेंबर २०११. येमेनमध्ये अल-कायदाचा अन्वर अल-अवलाकी अमेरिकेच्या ड्रोन हल्ल्यात मारला गेला. तो न्यू मेक्सिकोत जन्मलेला अमेरिकी नागरिक होता. ना आरोपपत्र, ना खटला, कारवाई ओबामांच्या मंजुरीने झाली. कवच नसेल तर पुढचा कोणीही सरकारी वकील ओबामांवर खुनाचा गुन्हा दाखल करू शकतो. चालेल तुम्हाला? की आपल्या माणसाला कवच आणि दुसऱ्याला तुरुंग?

मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांचा मुद्दा हाच आहे. प्रत्येक निर्णय घेताना 'चार वर्षांनी मला आत टाकतील का' हा विचार डोक्यात असेल, तर तो माणूस देश चालवू शकणार नाही. शिवाय २०२४ मध्ये मतदारांना सगळं ठाऊक होतं. न्यूयॉर्कच्या ज्युरीने ट्रम्प यांना ३४ आरोपांवर दोषी धरलं होतं, तरी लोकांनी निवडून दिलं. जनतेचा कौल मान्य नसला की हुकूमशाही आली म्हणायचं, हे मला पटत नाही.

मृण्मयी

मी मोर्चाला गेले नाही. जायचं फार मनात होतं, पण ग्रीन कार्डवर आहे. नवरा म्हणाला, फोटोत कुठे दिसलीस तर? आमच्या ओळखीतल्या व्हिसावाल्या एकाही मराठी घरातून कोणी गेलं नाही. कायद्याने आम्हाला बोलायचा हक्क आहे हे माहीत असूनही आम्ही घरी बसलो. टेक्सासकर, निकालाचं कायदेशीर विश्लेषण तुम्ही करा, पण भीती फुगवलेली आहे असं मला सांगू नका.

कोर्टकचेरी

कोल्हापुरात वकिली करतो. दोन्ही बाजूंच्या काही गोष्टी नीट करायला हव्यात.

१९८२ च्या 'निक्सन विरुद्ध फिट्झगेराल्ड' मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी राष्ट्राध्यक्षाला सरकारी कामाबद्दल नुकसानभरपाईच्या दाव्यापासून संरक्षण मिळालं. ते दिवाणी होतं. फौजदारी संरक्षण २०२४ पर्यंत कोणत्याच कोर्टाने दिलेलं नव्हतं. तसं संरक्षण मुळातच असतं, तर ८ सप्टेंबर १९७४ ला फोर्ड यांना निक्सन यांना माफी द्यायची गरज काय होती? आणि निक्सन यांनी ती स्वीकारली कशाला? खटला होऊ शकतो हे दोघांनीही गृहीत धरलं होतं. मला हा सगळ्यात मजबूत मुद्दा वाटतो आणि बहुमताने त्याला समाधानकारक उत्तर दिलेलं नाही.

पण पैलतीर, पुराव्याची दारं पूर्ण बंद झालेली नाहीत. बहुमताच्या एका तळटीपेत म्हटलंय की लाचेच्या खटल्यात अमुक सरकारी कृत्य झालं हे सार्वजनिक नोंदीवरून दाखवता येईल आणि राष्ट्राध्यक्षाने काय मागितलं, काय घेतलं याचा पुरावाही देता येईल. सल्लागारांशी झालेली बोलणी मात्र आणता येणार नाहीत. लाचेचा खटला आतल्या बोलण्याशिवाय उभा करून बघा, म्हणजे तळटीप किती कामाची ते कळेल. माझ्या वकिलीत तरी असा खटला पहिल्याच तारखेला कोसळला असता.

पैलतीर

कोर्टकचेरी, तळटीपेबद्दल आभार.

टेक्सासकर, अवलाकीचं उदाहरण चांगलं आहे आणि त्याला बगल देणार नाही. ती कारवाई मलाही पटली नव्हती. पण तिथे कोर्ट विचारू शकलं असतं की हे देशाच्या संरक्षणासाठी केलं की वैयक्तिक सूडासाठी. उत्तर मिळालं असतं, खटला फेटाळला गेला असता. आता तो प्रश्नच विचारायचा नाही. एका बाजूला अतिरेक्याला मारणारा आणि दुसऱ्या बाजूला खुर्ची टिकवण्यासाठी निवडणूक उलथवणारा, दोघांना एकाच मापाने मोजायला तुम्ही सांगताय.

सूडाच्या खटल्यांचं चक्र थांबावं म्हणून कवच, असं म्हणता ना? मग २० सप्टेंबर २०२५ ला ट्रम्प यांनी ॲटर्नी जनरल पॅम बाँडी यांना उद्देशून जाहीर पोस्ट टाकली, विरोधकांवर कारवाई का होत नाही म्हणून. पाच दिवसांत एफबीआयचे माजी संचालक जेम्स कोमी यांच्यावर आरोपपत्र आलं. न्याय खात्याला सूचना देणं हा तर संपूर्ण कवच असलेला अधिकार. खुर्चीवरचा सुरक्षित राहिला आणि चक्र चालूच आहे.

टेक्सासकर

आणि २४ नोव्हेंबरला कोर्टाने कोमी यांचं आरोपपत्र रद्द केलं, सरकारी वकिलाची नेमणूकच बेकायदा म्हणून. तो भाग राहिला तुमचा सांगायचा. १९ एप्रिल २०२५ ला याच सर्वोच्च न्यायालयाने मध्यरात्रीनंतर आदेश काढून व्हेनेझुएलाच्या बंदिवानांची हकालपट्टी रोखली. हुकूमशाहीत असं होत नाही.

कवच आणि अधिकार यांत तुम्ही गल्लत करताय. निकालाने राष्ट्राध्यक्षाला एकही नवा अधिकार दिलेला नाही. त्याचा बेकायदा हुकूम कोर्ट आजही रद्द करू शकतं. हुकूम पाळणाऱ्या अधिकाऱ्याला कवच नाही, सैनिकाला नाही. महाभियोग आहेच.

पैलतीर

महाभियोग? १३ फेब्रुवारी २०२१ ला ५७ सिनेटर विरोधात गेले, ६७ लागतात, म्हणून ट्रम्प सुटले. सुटकेच्या बाजूने मत देऊन सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल लगेच म्हणाले की माजी राष्ट्राध्यक्षासाठी फौजदारी न्यायव्यवस्था आहे, तिथे जबाबदारी ठरेल. जानेवारी २०२४ मध्ये अपील कोर्टात ट्रम्प यांचे वकील म्हणाले, आधी महाभियोगात दोषी ठरवा, मगच खटला. सिनेट म्हणते कोर्टात जा, कोर्टात गेलं की सिनेटकडे जा. सामान्य माणसाने दाद मागायची कुठे?

आणि अधिकाऱ्यांना कवच नाही म्हणता, पण माफीचा अधिकार आहे. २० जानेवारी २०२५ ला पहिल्याच दिवशी ६ जानेवारी २०२१ च्या संसदेवरच्या हल्ल्यातल्या सुमारे १५०० जणांना माफी मिळाली. पोलिसांना मारहाण केलेलेही त्यात होते. पुढच्या वेळी हुकूम पाळणारा काय समजेल?

कृष्णाकाठ

सांगलीहून वाचतोय. एक शंका. आपल्या घटनेच्या कलम ३६१ मध्ये राष्ट्रपती आणि राज्यपालांना असं संरक्षण आहेच की. मग अमेरिकेने दिलं तर एवढा गदारोळ का?

कोर्टकचेरी

कृष्णाकाठ, ते फक्त पदावर असेपर्यंत. पद गेलं की फौजदारी खटला भरता येतो. आणि आपल्याकडे खरी सत्ता ज्यांच्या हातात असते त्या पंतप्रधान, मुख्यमंत्र्यांना ३६१ लागूच नाही. दक्षिण कोरियातही पदावर असताना संरक्षण आहे, पण बंडाच्या गुन्ह्याला ते लागू नाही. त्यामुळेच ३ डिसेंबर २०२४ ला मार्शल लॉ पुकारणाऱ्या राष्ट्राध्यक्ष यून यांना पदावर असतानाच अटक करता आली. अमेरिकेतलं कवच जन्मभराचं आहे, आक्षेप तिथे आहे.

सुमतीमावशी

कृष्णाकाठ, जन्मभराचं कवच आपल्याकडेही येऊ घातलं होतं, तरुण मंडळींना माहीत नसतं म्हणून लिहिते. ऑगस्ट १९७५ मध्ये, ऐन आणीबाणीत, ४१ व्या घटनादुरुस्तीचं विधेयक आणलं गेलं. राष्ट्रपती, राज्यपाल आणि पंतप्रधान यांच्यावर आयुष्यात कधीच फौजदारी खटला नाही, पदावर येण्याआधी केलेल्या कृत्यांबद्दलसुद्धा नाही. राज्यसभेने ते मंजूरही केलं. लोकसभेत ते मंजूर झालं नाही म्हणून वाचलो.

माझे वडील तेव्हा मिसाखाली, म्हणजे विनाखटला डांबायच्या कायद्याखाली, आत होते. आई दर पंधरवड्याला स्टीलच्या डब्यात मेतकूट-तूप-भात घेऊन जायची आणि डबा बऱ्याचदा तसाच परत यायचा. कोर्टात दाद मागावी तर २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयानेच ४ विरुद्ध १ ने सांगितलं की आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागता येत नाही. बहुमतात आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. एकटे न्या. खन्ना विरोधात गेले आणि त्यापायी त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं.

टेक्सासकर, तुम्ही म्हणता कोर्ट आहे ना. कोर्ट होतं हो तेव्हाही.

टेक्सासकर

मावशी, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे आणि आणीबाणीचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण तिथे संसद, कोर्ट, वृत्तपत्रं सगळंच एका वेळी दाबलं गेलं होतं. अमेरिकेत ५० राज्यांची स्वतःची सरकारं, स्वतःचे फौजदारी कायदे आहेत. राज्याच्या गुन्ह्याला राष्ट्राध्यक्षाची माफी चालत नाही. हा फरक मोठा आहे.

पैलतीर, तुम्हाला निकाल मान्य नाही तर घटनादुरुस्ती करा. बायडेन यांनी जुलै २०२४ मध्ये सुचवलीच होती. त्यात काय लिहाल? अवलाकीचं काय कराल?

सुमतीमावशी

आपल्याकडे ४४ व्या दुरुस्तीने १९७८ मध्येच जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही काढता येणार नाही असं केलं, कारण ७७ मध्ये लोकांनी सरकार बदललं. कोर्टाने तो निकाल उघडपणे मोडीत काढायला २०१७ उजाडलं, आणि त्या घटनापीठात यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. कोर्ट स्वतःहून सुधारेल म्हणून थांबू नका, एवढंच सांगते.

पैलतीर

मावशी, तुमचा प्रतिसाद मी इथल्या अमेरिकी मित्रांना इंग्रजीत सांगणार आहे.

टेक्सासकर, ३८ राज्यांची मंजुरी आज मिळणार नाही हे मलाही कळतं. तरी विचारलंत म्हणून सांगतो. कोर्टाला हेतू तपासायचा अधिकार परत द्यावा, पुराव्यावरची बंदी काढावी आणि युद्धकाळातल्या लष्करी हुकमांपुरतं कवच ठेवावं. अवलाकी त्यात बसेल.

टेक्सासकर

युद्धकाळ कोणी ठरवायचा? काँग्रेसने शेवटचं युद्ध १९४२ मध्ये जाहीर केलं. अवलाकी त्यात कसा बसेल?

पैलतीर

बरोबर प्रश्न आहे, पण तो तुम्हालाही लागू होतो. २ सप्टेंबर २०२५ ला कॅरिबियन समुद्रात लष्कराने एक बोट उडवली. ट्रम्प यांनीच ११ जण मेल्याचं जाहीर केलं. मादक पदार्थांचे तस्कर होते म्हणाले. त्यानंतर आणखी बोटी उडवल्या. युद्ध जाहीर नाही, खटला नाही, बोटीत कोण होतं याचा पुरावा कोणत्या कोर्टापुढे आला नाही. हे हुकूम कायदेशीर होते का, असं उद्या एखाद्या ज्युरीने विचारायला हवं की नको? फक्त एवढ्याचं हो किंवा नाही उत्तर द्या, मग दुरुस्तीचा मसुदा आपण दोघे मिळून लिहू.