जुने आर्केड गेम आणि पिनबॉलसाठी पीसी : पैसे प्रोसेसरवर घालायचे की ग्राफिक कार्डवर?

नाक्यावरचा_भिडू

शाळेत असताना आमच्या एसटी स्टँडमागे व्हिडिओ गेमचं दुकान होतं. कॅपकॉमचा १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ तिथे कुणी त्या नावाने ओळखत नसे, आम्हा सगळ्यांसाठी तो ‘मुस्तफा’. पुढे घरी संगणक आला आणि विंडोज एक्सपीतल्या ‘स्पेस कॅडेट’ पिनबॉलने सुट्ट्या खाल्ल्या. या दोन्हींसाठी आता एक पीसी बांधतोय: मेम (MAME) या जुनी आर्केड मशीन पीसीवर चालवणाऱ्या प्रोग्रामवर आर्केड, व्हिज्युअल पिनबॉल या प्रोग्रामवर पिनबॉलची टेबलं. पैसे मोजके आहेत, म्हणून प्रश्न वाटणीचा.

माझं मत ठाम आहे. इम्युलेशनसाठी, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल पीसीवर चालवण्यासाठी, मोठं ग्राफिक कार्ड घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. मेम खऱ्या मशीनमधली एकेक चिप सॉफ्टवेअरमध्ये उभी करतो. त्या चिपा एकमेकींच्या तालाने चालतात, त्यामुळे काम प्रोसेसरच्या दहा कोरांत, म्हणजे त्यातल्या स्वतंत्र गणकांत, वाटून देता येत नाही. एका कोराचा वेग काय, एवढंच बघायचं. लॅमिंग्टन रोडवर एका दुकानदाराने मला वापरलेला १४ कोरांचा झिऑन ई५-२६८० व्ही४ हा सर्व्हरचा प्रोसेसर सुचवला, भावही मोहात पाडणारा. पण त्याचा टर्बो, म्हणजे जास्तीत जास्त वेग, ३.३ गिगाहर्ट्झ. चारच कोरांचा आय३-१२१०० एका कोरावर ४.३ पर्यंत जातो, शिवाय नव्या पिढीचा असल्यामुळे प्रत्येक ठोक्याला काम जास्त उरकतो. मी आय३ घेणार आणि त्याच्या आतल्याच ग्राफिक्सवर भागवणार. कुणाला चूक वाटत असेल तर कारणासह सांगा.

पोलादी_गोळा

झिऑन नाकारलात ते उत्तम केलंत. कार्डाबद्दल मात्र पूर्ण असहमत.

मुस्तफाचं मूळ चित्र ३८४ × २२४ ठिपक्यांचं, म्हणजे साधारण ८६ हजार. पिनबॉलचं टेबल ४के पडद्यावर दाखवायचं तर सुमारे ८३ लाख ठिपके, शंभरपट म्हणा ना. आणि ते नुसतं ताणलेलं चित्र नसतं. दिवे, गोळ्यावरचं प्रतिबिंब, प्लास्टिकच्या रॅम्पमधून दिसणारा खालचा भाग, हे सगळं दर फ्रेमला नव्याने रंगवावं लागतं. जुन्या मशीनचा रॉम, म्हणजे त्याच्या चिपमधला मूळ प्रोग्राम, चालवणं हे व्हीपिनमेम या जोडप्रोग्रामचं काम, ते हलकं आहे. गोळ्याची हालचाल सेकंदाला हजार वेळा मोजली जाते, तेही तुमचा आय३ सहज करेल. अडेल ते चित्रापाशी.

मी स्वतः आधी आतल्या ग्राफिक्सवर प्रयत्न केला होता. ‘अटॅक फ्रॉम मार्स’ या टेबलात एक गोळा असेपर्यंत ठीक चाललं. मल्टिबॉल (एकाच वेळी अनेक गोळे) सुरू झाला, सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले आणि फ्लिपर, म्हणजे गोळा उडवणारी दांडी, हाताखालून निसटला. पिनबॉलमध्ये नेमक्या त्याच क्षणाची वाट बघत आपण खेळत असतो, आणि तिथेच पीसीने मान टाकली. नंतर आरटीएक्स ३०६० टाकलं, तेव्हापासून तक्रार नाही.

षट्कोनी_नट

दोघांचंही अर्धंच पटतं. इम्युलेशन म्हणजे फक्त मेम नव्हे. प्लेस्टेशन ३च्या सेल प्रोसेसरमध्ये एक मुख्य कोर आणि गेमसाठी सहा छोटे मदतनीस कोर. प्लेस्टेशन ३चे गेम पीसीवर चालवणाऱ्या आरपीसीएस३ला ते सगळे एकाच वेळी हाकायचे असतात. तिथे चार कोरांचा आय३ तोंडघशी पडतो. निदान सहा कोर घ्या, आठ असतील तर बरं. एव्हीएक्स-५१२ (एका फटक्यात बरीच गणितं उरकणाऱ्या प्रोसेसरच्या खास आज्ञा) असेल तर आणखी फायदा. रायझन ७००० मालिकेत ते मिळतं, इंटेलच्या १२व्या पिढीत मात्र ते बंद करून टाकलंय. पीसी पाच-सात वर्षं वापरायचा असतो, आजच्या गरजेला चिकटवून घेऊ नका.

नाक्यावरचा_भिडू

नट भाऊ, मी प्लेस्टेशन ३ कधी हातात धरला नाही. ज्याची आठवण नाही त्यासाठी जादा कोर कशाला विकत घेऊ? हा मुद्दा माझ्यापुरता बाद.

गोळा यांचं म्हणणं मात्र लागलं. मेममध्ये व्हूडू या जुन्या ग्राफिक चिपचं थ्रीडी चित्रसुद्धा प्रोसेसरच रंगवतो, तेच गणित मी पिनबॉललाही लावत होतो. चूक कबूल. तरी विचारतो, १०८० वर खेळलं तर ठिपके चौपट कमी होतात. मग आतलं ग्राफिक्स पुरणार नाही का?

पोलादी_गोळा

साध्या, जुन्या टेबलांना पुरेल. पण ४३ इंची पडदा कॅबिनेटमध्ये आडवा ठेवून त्यावर ओणवं होऊन खेळता, तेव्हा डोळा दोन फुटांवर असतो. १०८० चे ठिपके मोजता येतात.

उभी_रेघ

कार्ड की प्रोसेसर यावर एवढं घासताय आणि पडद्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. माझ्या मते पहिला पैसा तिथे जायला हवा.

६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवताना, एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, १२०ला ८.३. फ्लिपरच्या टोकावरून गोळा कुठे जाणार हे एवढ्याशा वेळात ठरतं. वरून टीव्हीचा गेम मोड बंद असेल तर चित्र ‘सुंदर’ करण्याच्या नादात तो आणखी कैक फ्रेम खातो. बटण दाबलं आणि फ्लिपर उशिरा उठला तर जगातलं कुठलंही कार्ड ते भरून काढत नाही.

दुसरं, पॅनेल. पिनबॉलमध्ये आपण पडद्याच्या एका टोकाशी उभे असतो, दुसरं टोक तिरकं दिसतं. व्हीए प्रकारच्या पॅनेलवर तिकडचे रंग फिके पडतात. आयपीएस प्रकारचं घ्या, काळा रंग थोडा कमी गडद दिसला तरी चालेल.

आर्केडलाही हे लागू आहे. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ मूळ मशीनवर साधारण ५४.७ हर्ट्झने चालायचा, ‘आर-टाइप’ ५५ने. ठरावीक ६०च्या पडद्यावर एकतर सरकतं चित्र अडखळतं, नाहीतर वेग वाढवावा लागतो आणि गेम खोटा वाटतो. फ्रीसिंक किंवा जीसिंक (गेमच्या वेगाप्रमाणे पडद्याचा वेग बदलणारी सोय) असलेला मॉनिटर ते जसंच्या तसं दाखवतो.

सोल्डर_आत्या

मला तर एकाच पीसीत दोन्ही कोंबायचा बेतच पटत नाही. मुस्तफा मोटोरोला ६८००० या जुन्या प्रोसेसरवर चालायचा, रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक त्याला आरामात झेलतो. त्याला जॉयस्टिक जोडून बाजूला ठेवा आणि पीसी निव्वळ पिनबॉलचा करा.

कॅबिनेट करणार असाल तर मदरबोर्ड निवडताना मागची बाजूही बघा. तीन पडदे लागतील: टेबल, बॅकग्लास (टेबलामागची उभी चित्राची काच) आणि १२८ × ३२ ठिपक्यांची डीएमडी, म्हणजे गुण दाखवणारी पट्टी. टेबलाच्या कोपऱ्यांत एक्सायटर (आवाजाने लाकूड थरथरवणारे स्पीकर) लावून गोळ्याची घरघर हाताला जाणवून द्यायची तर ७.१ आवाज हवा. प्लंजर (गोळा सोडायचा दांडा) आणि टेबलाला दिलेला धक्का ओळखण्यासाठी केएल२५झेड हा छोटा कंट्रोलर बोर्ड, म्हणजे एक यूएसबी जागा गेली. आणि सोलेनॉइडना (खटका देणाऱ्या विद्युतचुंबकांना) वेगळा पॉवर सप्लाय, प्रत्येकावर उलटा झटका अडवणारा डायोड. हे टाळून कुणी पीसीच्या सप्लायवर जोडू नका, मुलांनो. माझा एक बोर्ड त्यात जळालाय.

नाक्यावरचा_भिडू

आत्या, दोन यंत्रं नको. घरात जागा एकाच पेटीची आहे आणि बायकोने तेवढीच मंजूर केलीय.

आय३ कायम. कार्ड घेतो, पण वापरलेलं. वाचलेले पैसे १२० हर्ट्झच्या आयपीएस पडद्यात.

षट्कोनी_नट

चार कोरांवर अजूनही नाराज आहे. बोर्ड तरी असा घ्या की पुढे त्यातच आय५-१२४०० बसेल.

उभी_रेघ

टीव्ही दुकानातच तपासा. लॅपटॉपवर टेबल लावून न्या, गेम मोड चालू करा आणि बटण व फ्लिपर एकाच चौकटीत धरून फोनवर २४० फ्रेमने चित्रण करा. बोट टेकल्यापासून फ्लिपर हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा, एक फ्रेम सुमारे ४ मिलिसेकंदांची. आकडा इथे टाका, म्हणजे घ्यायचा की सोडायचा ते सांगता येईल.