पंचेचाळीस वर्षांनी शाळेतल्या मित्रमैत्रिणींना भेटावं का?

नदीकाठ
आमची १९८०ची दहावी. फेब्रुवारीत कर्वे रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये वर्ग जमला. जाताना धाकधूक होती, इतक्या वर्षांनी बोलायचं काय? आता माझं मत ठाम आहे: भेटावंच, आणि पुढच्या वर्षावर ढकलू नये.

कारण सांगते. आम्ही नारायण पेठेत वाड्यात राहायचो, दोन खोल्यांत. जिन्याच्या भिंतीवर पानशेतच्या पुराची खूण होती, १२ जुलै १९६१ची. घरी येणाऱ्या प्रत्येक पोराला बाबा त्या खुणेखाली उभं करायचे आणि म्हणायचे, "बघ, पाणी तुझ्या डोक्यावरून गेलं असतं!" वाडा पडला, तिथे पाच मजले उभे राहिले. बाबांना जाऊन १९ वर्षं झाली. ती भिंत माझ्या नवऱ्याने पाहिली नाही, मुलांनी तर नाहीच. हॉलमध्ये माझी बाकावरची मैत्रीण समोर आली, तळहात स्वतःच्या डोक्याच्या वर धरला आणि म्हणाली, "इथपर्यंत!" मला रडू आवरेना. माझ्या वडिलांचा आवाज ऐकलेलं माणूस मला परत मिळालं होतं. असं माणूस नव्याने कुठून आणणार?

शेवटचा बाक
ताई, तुमचा आनंद खरा आहे. पण 'भेटावंच' हे सगळ्यांना लावू नका. मी शाळेत अडखळत बोलायचो, आजही बोलतो. तीन वर्षांपूर्वी मला वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं. पहिलाच मेसेज आला, "आला रे त-त-तोतऱ्या!" खाली ११ हसरे चेहरे. मोजले मी. साठीला आलेली माणसं, काही तर आजोबा झालेली. मी इतकी वर्षं काय केलं, कुठे असतो, हे एकानेही विचारलं नाही. त्याच रात्री बाहेर पडलो. मित्र आपण निवडतो. वर्गात आम्हाला उंचीप्रमाणे बसवलं होतं.

हडपसरकर
मी भेटण्याच्याच बाजूने, पण भेट कोणाची हे बघा. आम्ही शाळेच्या जनरल रजिस्टरवरून ५८ नावं काढली. मुलगे पटापट सापडले. मुलींना माहेरच्या नावाने शोधायचं कुठे? एकीसाठी भवानी पेठेत तिच्या भावाचं किराणा दुकान गाठावं लागलं. नववीत नापास होऊन मागे राहिलेल्यांची तर कुणी चौकशीच केली नव्हती. त्यात वर्गणी माणशी दीड हजार. आमचा एक जण रिक्षा चालवतो. तो म्हणाला, "त्या दिवशी गावाला जायचंय." कुठलं गाव? जन्म घोरपडीचा, सासुरवाडी येरवड्याची! पुढच्या खेपेला हॉल नाही, वर्गणी नाही, सारसबागेत जमलो, भेळ खाल्ली. तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता.

पर्वती पायथा
मी समुपदेशनाचं काम करते आणि या गहिवराबद्दल सावध करावंसं वाटतं. चाळिशी उलटलेल्या माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर काळापेक्षा जास्त येतात, हे मानसशास्त्रात पक्कं झालेलं आहे. म्हणजे डोळे भरतात ते बऱ्याचदा स्वतःच्या तरुणपणासाठी. समोरचा माणूस निमित्त. हार्वर्डमध्ये १९३८पासून चाललेला अभ्यासही हेच दाखवतो, की उतारवयात तब्येत आणि मन सांभाळतात ती जवळची नाती. ग्रुपवरच्या ५० नंबरांना जवळचं नातं म्हणता येणार नाही. तो वेळ बहिणीला द्या, शेजारणीला द्या.

नदीकाठ
पर्वती पायथा, जवळचं नातं कुठून तरी सुरू व्हायला हवं ना? ती मैत्रीण धायरीला राहते. दर गुरुवारी सकाळी आम्ही तळजाईवर फिरतो. तिचा गुडघा दुखतो, म्हणून पहिल्या बाकापर्यंतच. परवा माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तीच सोबत होती, मुलगा बंगळुरूला असतो. हे निमित्त नाही हो, हे माणूस आहे.

शेवटचा बाक, तुमचं लिहिलेलं दोन दिवस डोक्यातून जात नाही. आमच्याही वर्गात एक मुलगा 'प'वर अडायचा. मराठीच्या तासाला धडा वाचायची त्याची पाळी आली की वर्ग आधीच हसायला लागायचा. मीही हसायचे. तो फेब्रुवारीत आला नाही, आणि 'का आला नाही' हे आमच्यात कोणी बोललंसुद्धा नाही. मी त्याचा नंबर मिळवला आहे. आज संध्याकाळी फोन करून माफी मागणार आहे.

शेवटचा बाक
फोन नको, ताई. आमच्यासारख्यांना फोनवर बोलणं सगळ्यात अवघड जातं. समोरचा दिसत नाही आणि गप्प राहिलं की "हॅलो, हॅलो" सुरू होतं. चार ओळी लिहून पाठवा. तुम्ही हसायचात, ते तसंच लिहा. उत्तर द्यायचं की नाही, ते त्याला ठरवू दे.